कुलवृत्तांत नसलेल्यांचे दप्तर

2023 च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात तहसील कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत जुनी दप्तरे उघडली गेली. कोतवाल बुक, प्रवेश-निर्गम उतारा, मोडीतली हक्कनोंद हे शब्द एरवी तलाठी आणि वकिलांच्याच तोंडी असत. ते घराघरांत पोचले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा इथला विषय नाही. या खटाटोपातून लाखो कुटुंबांना पहिल्यांदाच कळले की आपल्या पणजोबांचे नाव सरकारी कागदावर कुठेतरी आहे. मात्र बहुतेकांचा शोध दाखल्यापाशी संपला. नोंद सापडली, साक्षांकित प्रत मिळाली, दप्तर पुन्हा फडक्यात बांधले गेले. नोंदीत नाव असते, गाव असते, जात असते. तो माणूस गाव सोडून गिरणीत का गेला, त्याची जमीन कोणत्या लिलावात गेली, हे त्या एका ओळीत नसते. ते कुठे असलेच, तर जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तिकडे मात्र कोणी फिरकत नाही.

अशी वाचनालये महाराष्ट्रात कमी नाहीत. रत्नागिरीचे 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. यांच्या आणि यांच्यानंतर गावोगावी निघालेल्या वाचनालयांच्या कपाटांत कादंबऱ्यांखेरीज काय काय साचते, ते पाहण्यासारखे आहे: वर्तमानपत्रांचे बांधीव अंक, नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, जिल्ह्याचे गॅझेटियर, शाळांच्या शताब्दी स्मरणिका, नाटक मंडळ्यांची हस्तपत्रके. यातला एकेक कागद सुटा वाचला तर फार काही सांगत नाही. प्लेगचेच घ्या. तो 1896 साली मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात थैमान घालू लागला आणि मग वर्षानुवर्षे गावोगाव फिरत राहिला. घरातल्या एखाद्या मृत्यूची तारीख जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत सापडते. त्याच महिन्याचे वर्तमानपत्र काढले तर गाव कधी रिकामे झाले, माणसे माळावर झोपड्यांत कधी गेली, बाजार किती दिवस बंद होता, याचा माग लागू शकतो. नगरपालिकेच्या अहवालात त्या वर्षीचा खर्च असतो. कँबेल यांच्या देखरेखीखाली 1880 च्या आसपास निघालेल्या गॅझेटियरमध्ये त्याआधीच्या गावाचे चित्र असते. पेठा, विहिरी, विणकरांचे माग, आठवड्याचा बाजार. चारही एकमेकांशेजारी ठेवले की ‘आजोबा लहानपणीच अनाथ झाले आणि मामाकडे वाढले’ या घरात चालत आलेल्या वाक्याला साल मिळते आणि कारणही. कधी ते वाक्य खोटेही ठरते, आणि तेही कळलेले बरे.

आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हटले की कुलवृत्तांत आठवतो. विसाव्या शतकात विशेषतः कोकणस्थ घराण्यांनी मेहनतीने असे जाडजूड ग्रंथ छापले आणि त्यांचे मोल कमी नाही. पण ते छापायला लिहितावाचता गोतावळा लागतो, पत्रव्यवहार करणारा संपादक लागतो, वर्गणी लागते. ज्यांच्याकडे यातले काही नव्हते त्यांची नावे विखुरलेली आहेत: ‘दीनबंधू’सारख्या 1877 साली निघालेल्या पत्रात, मुकुंदराव पाटलांनी 1910 साली सुरू केलेल्या आणि पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीतून चालवलेल्या ‘दीनमित्र’मध्ये, 1927 च्या ‘बहिष्कृत भारता’त. गावच्या सभेचे वृत्त, सत्यशोधक पद्धतीने लागलेल्या लग्नाची बातमी, रुपया-आठ आण्यांच्या देणग्यांची पोच. अशा यादीतले एक नाव हाच एखाद्या घराचा सगळ्यात जुना छापील पुरावा असू शकतो. आणि ‘दीनबंधू’चे सगळे अंक आज एका जागी मिळत नाहीत. म्हणून जुने अंक रद्दीत गेले की सगळ्यांचे सारखेच नुकसान होते, हे मला पटत नाही. ज्यांचा इतिहास ग्रंथात बांधून झाला आहे त्यांचे फार बिघडत नाही. बाकीच्यांचा दुवा कायमचा तुटतो. घरातल्या बायकांचेही तेच. वंशवृक्षात ज्या एका ओळीत संपतात, त्या मुलींच्या शाळेच्या अहवालात किंवा हळदीकुंकू समारंभाच्या बातमीत स्वतःच्या नावाने भेटतात.

पूर्वज शोधायला लावले की जातीचा अभिमान फोफावतो, अशी शंका घेतली जाते. ती पोकळ नाही. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला अभिमानाच्या भरात दप्तरांचे काय होते ते दाखवून गेला. पण अभिमान पोसला जातो तो ऐकीव कथेवर. जुन्या अंकांत शोधणाऱ्याच्या पुढ्यात पराक्रमाबरोबर कर्जाची फिर्याद आणि भाऊबंदकीचा खटलाही येतो. दुसरा आक्षेप असा, की आता सगळे इंटरनेटवर आहे. गॅझेटियर आहेत, हे खरे. तालुक्याच्या साप्ताहिकाचे अंक मात्र क्वचितच असतात, आणि असले तरी जुन्या खिळ्यांची मराठी अक्षरे संगणकाला नीट लागत नाहीत, त्यामुळे नाव टाकून शोध घेता येत नाही. सूची माणसालाच करावी लागते. सगळ्यात वजनदार आक्षेप ग्रंथपालांचा आहे: कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटले तर तुकडा हातात येतो, मग कोणालाही कसे द्यायचे? बरोबर आहे. लाकडाच्या लगद्याचा वृत्तपत्री कागद आपल्याच आम्लाने जळत जातो. म्हणजे तो कुलपातही जळतोच. फक्त कोणी न वाचता. छायाचित्रे काढून घेणे आणि वाचकाला ती देणे, हाच मधला मार्ग आहे. पैसा नाही ही तक्रारही खरी आहे. अनुदान अपुरे, सेवकांचे पगार तुटपुंजे, तिथे मोडीचा जाणकार कुठून आणायचा?

म्हणूनच मागणी लहान ठेवावी. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अकरा-बारा हजार वाचनालयांना अनुदान मिळते आणि त्यांचे वर्ग ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके अशा मोजमापांवर ठरतात. त्यात एक निकष वाढवावा: गावाविषयीच्या साहित्याची सूची वाचनालयाने केली आहे का? कोणत्या पत्राचे कोणत्या सालापासूनचे अंक आहेत, कोणते अहवाल आहेत, एवढी दोन पानी यादी दारावर लागली तरी पुष्कळ झाले. जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करताना ही यादी समोर असावी आणि तिच्यातले काहीही जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय काढू नये. गणेश मंडळाचा अहवाल, सोसायटीचा ताळेबंद, शाळेची स्मरणिका यांना पुस्तक म्हणून कोणी मोजत नाही, म्हणून ती दाखल नोंदवहीत चढत नाहीत, आणि चढत नाहीत म्हणून गेली तरी हिशेब द्यावा लागत नाही. ती आधी नोंदवहीत चढवावीत. कामाची सुरुवात तिथूनच करावी लागेल.