अर्धी म्हण

लवकर निजणारा व लवकर उठणारा मनुष्य निरोगी, शहाणा आणि श्रीमंत होतो, असे आपल्या शाळांच्या भिंती पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या आहेत. माझा तंटा या म्हणीशी नाही. तिचा पहिला अर्धा भाग खिशात घालून दुसरा तेवढा लोकांच्या डोक्यावर आपटणाऱ्या उपदेशकांशी आहे. ‘लवकर उठा’ असे बजावणारे पैशाला पासरी मिळतात. ‘लवकर निजू द्या’ असे म्हणणारा एकही मला अद्याप भेटलेला नाही.

ही म्हण ज्यांच्या नावावर खपते त्या बेंजामिन फ्रँकलिनसाहेबांनी १७८४ साली पॅरिसच्या एका वृत्तपत्राला पत्र धाडून, सूर्य सकाळी सहालाच उगवतो हा आपणांस लागलेला अपूर्व शोध आहे, असे मोठ्या गांभीर्याने कळविले होते. त्यांना विनोद कळत होता, एवढेच.

श्रीमंतीचे म्हणाल, तर पहाटेच्या अंधारात ससून डॉकवर कोलंबी सोलणाऱ्या बायका, दादरच्या फुलबाजारात गोण्या उतरविणारे हमाल, घरोघर वर्तमानपत्रे टाकणारी पोरे यांच्याइतके लवकर कोण उठते? उठण्याने लक्ष्मी येती तर मलबार हिल आज यांच्या नावावर असती.

मी मुंबईत सकाळच्या सत्राचा मास्तर. शाळा सातला भरते. नववीतली एक मुलगी रोज दहा मिनिटे उशिरा येते. तिच्या चाळीत पाणी साडेचारला येते, ते भरल्यावाचून पाऊल बाहेर टाकता येत नाही; आणि रात्री अकरापर्यंत ती आईच्या भज्यांच्या गाडीवर असते. परवा तिला दारात उभी करून लवकर उठण्याचे महत्त्व सांगण्यात आले. ती साडेचारला उठली होती, सांगणारे सहाला!

मी मॅट्रिक झालेला माणूस, शरीरशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण एवढे आता सर्वमान्य आहे, की वयात येताना मुलांच्या शरीरातले घड्याळच मागे पडते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते. या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ साली नोबेल मिळाले. आपल्या सरकारनेही २०२४ च्या फेब्रुवारीत, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. उत्तम झाले. मात्र ज्या वयात हे घड्याळ मागे पडते, त्या वयाची मुले त्यातून नेमकी वगळली गेली!

बरे, भिंतीवरचे घड्याळ तरी आपले आहे काय? प्रमाणवेळ ८२॥ रेखांशाची; मुंबईची खरी वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे. १९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी कडकडून विरोध केला आणि पालिकेने १९५५ पर्यंत आपली ‘मुंबई टाइम’ सोडली नाही. आज शाळेचे सात म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सहा वाजून एकवीस मिनिटे. जानेवारीत आमची प्रार्थना आटोपते, तरी सूर्यनारायण वर आलेले नसतात.

कोणी म्हणेल, ही शहरची रड; खेड्यात माणूस दिवेलागणीला जेवून निजतो. त्या गृहस्थाने एकदा शेतावर जावे. कृषिपंपाची वीज पाळीपाळीने मिळते. दिवसा वीज देण्याची सौरवाहिनी योजना २०१७ साली निघाली खरी. पण ती जेथे पोहोचली नाही तेथे, पाळी रात्रीची आली की शेतकरी विजेरी घेऊन साप-विंचवांत गव्हाची दारे धरतो. त्याला कोणती पहाट दाखविणार?

पहाटेचे सुख मला ठाऊक आहे. माझ्या कादंबऱ्या मी चारला उठून लिहितो. कारण नऊला मी दिवा मालवू शकतो. माझ्या नळाला दिवसभर पाणी असते.

सातची शाळा आरोग्यासाठी नाही, एका इमारतीत दोन सत्रे बसवायची म्हणून आहे. हे पालकांना सरळ सांगावे, आणि नव्या खोल्या बांधून होईपर्यंत निदान आठवी-नववीचे सत्र दुपारी न्यावे. तेही जमत नसेल तर पहिल्या तासाला गणित ठेवू नये, आणि हजेरीपटावरचा उशिराचा तांबडा शेरा या सहामाहीपासून बंद करावा.