टबातले कासव
देवनारच्या काही घरांत प्लॅस्टिकच्या टबात कासव दिसते. देशी कासव पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. टबातले असते ते बहुधा अमेरिकेतले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले. येणारा-जाणारा त्याला लाडाने खाऊ घालतो. पण कासव शरीराची ऊब उन्हातून घेते. त्यासाठी त्याला आपल्यासारखे अन्न जाळावे लागत नाही. मोठ्या कासवाला दोन-तीन दिवसांतून एकदा खाणे पुरते, तेही जास्त करून पालाच. टबात पोहायला जागा नाही, ऊन खात बसायला दगड नाही. मग चरबी साठते. पाय आत ओढले की मांस कवचाबाहेर फुगते. लोक कौतुकाने म्हणतात, “किती गुटगुटीत!” मला तो आजार वाटतो. मोठी टाकी आणि ऊन देता येत नसेल, तर कासव आणूच नये. आणलेच असेल, तर कंटाळून तलावात सोडू नये. तिथल्या देशी कासवांचे अन्न ते पळवते.