बाटलीवरचा बॅच नंबर आणि खिशातले बिल

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. संध्याकाळी दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी होती, पण त्या दिवशी पेशंटपेक्षा बाटल्याच जास्त होत्या. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावत असल्याच्या बातम्या रोज येत होत्या. त्यातली कित्येक मुले उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. त्यामुळे आपल्याकडेही घबराट पसरली. फळीवर, फ्रीजच्या दारात, कपाटाच्या कोपऱ्यात राहिलेल्या बाटल्या पिशवीत घालून लोक माझ्याकडे येऊ लागले. प्रश्न सगळ्यांचा एकच : "डॉक्टरसाहेब, ही चालेल ना?"

त्या एका संध्याकाळी माझ्या टेबलावर अकरा बाटल्या जमल्या. तिघांची लेबले ओल्या हाताने पुसली गेली होती. दोन बाटल्यांना लेबल नव्हतेच; कोणीतरी मोठ्या बाटलीतून ओतून दिलेले औषध. एका आजीबाईंनी तर झाकण उघडून बाटली माझ्या नाकापाशी धरली. "वास घेऊन बघा की, तुम्हाला कळेल."

वाचकहो, मला कळत नाही. कोणत्याच डॉक्टरला कळणार नाही. ज्या विषाने ती मुले गेली त्याचे नाव डायएथिलीन ग्लायकॉल. त्याला रंग नाही, वास नाही, चव गोडसर. मूत्रपिंडे निकामी झाली आणि मुलाची लघवी बंद झाली की मगच ते ओळखू येते. औषधात ते हजारात एक भागापर्यंत चालते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात ते ४८.६ टक्के निघाले. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष. वीसपेक्षा जास्त मुले गेली.

हे औषधात येते कसे? पातळ औषध बनवताना औषधी घटक विरघळवण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागते. औषधी दर्जाचे महाग, कारखानी दर्जाचे स्वस्त. स्वस्तातला पिंप आणला आणि न तपासता टाकीत ओतला की झाले. येणारा प्रत्येक माल तपासण्याची सक्ती कायद्यात आहे. प्रश्न आहे तो तपासतो कोण, आणि तपासणाऱ्याला तपासतो कोण.

इथे आपल्या लोकांचा एक गैरसमज काढायला हवा. 'सरकारने पास केलेले औषध' असे आपण म्हणतो तेव्हा दिल्लीत कुणीतरी प्रत्येक बाटली बघून शिक्का मारतो असे आपल्याला वाटत असते. तसे नाही. दिल्लीत केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना आहे आणि तिच्या प्रमुखाला भारताचे औषध महानियंत्रक म्हणतात. नव्या औषधाला परवानगी देणे, माणसांवरच्या चाचण्यांवर लक्ष ठेवणे, परदेशातून येणारी औषधे व सौंदर्यप्रसाधने नोंदवणे ही तिची मुख्य कामे. पण कारखान्याचा परवाना, दुकानाचा परवाना आणि गावोगावची तपासणी हे बहुतांशी राज्याचे काम. आपल्याकडे ते अन्न व औषध प्रशासन करते. म्हणजे डोके दिल्लीत आणि डोळे जिल्ह्यात. या डोळ्यांची संख्या किती असावी याचा हिशोब डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्येच मांडला होता : पन्नास कारखान्यांमागे एक निरीक्षक आणि दोनशे दुकानांमागे एक. आपल्या तालुक्यात मेडिकलची दुकाने किती आणि निरीक्षक वर्षातून किती वेळा दिसतो हे वाचकांनीच आठवून पाहावे. याच समितीने कारखान्यांचे परवाने केंद्राने द्यावेत असेही सुचवले होते. त्यासाठी २००७ मध्ये विधेयक आले, २०१३ मध्ये दुसरे आले. कायदा एकाचाही झाला नाही.

या विषाचा आणि औषध नियंत्रणाचा संबंध फार जुना आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलमाइड हे औषध याच द्रावात विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे मेली. त्या वेळी तिथल्या औषध खात्याच्या हातात फारसा कायदाच नव्हता. नुसते विषारी आहे म्हणून औषध जप्त करता येत नव्हते! लेबलावर 'एलिक्झिर' लिहिले होते, त्या शब्दाचा अर्थ दारूयुक्त औषध, आणि आत दारू नव्हती. या चुकीच्या नावाच्या मुद्द्यावर जप्ती झाली. निरीक्षक देशभर पसरले. दुकानांतली विक्रीची बिले, डॉक्टरांच्या नोंदी चाळत ते घराघरांत पोचले आणि २४० गॅलनपैकी बहुतेक औषध त्यांनी परत मिळवले. पुढच्याच वर्षी तिथे कडक कायदा झाला. आपल्याकडचा औषध कायदा १९४० चा. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली.

कायदा असूनही काय होते ते आपण मुंबईत पाहिले. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्यातही हेच विष होते. मी तेव्हा मुंबईतच दुसऱ्या एका कॉलेजात शिकत होतो. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर ग्लिसरीनची बाटली उजेडात धरून बघत, जणू काही दिसणारच होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाचे आणि राजकीय हस्तक्षेपाचे पार वाभाडे काढले, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. जवळजवळ चाळीस वर्षे झाली. विष तेच, मार्ग तोच.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती मला जास्त टोचते. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात सत्तरच्या आसपास मुले दगावली आणि संशय भारतात बनलेल्या पातळ औषधांवर आला. जगभर नाचक्की झाल्यावर सरकारने १ जून २०२३ पासून निर्यात होणारे खोकल्याचे औषध आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासणे सक्तीचे केले. उत्तम केले. पण ही सक्ती देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला तेव्हा लावली नाही. परदेशी मुलाची बाटली तपासून जाणार आणि परासियातल्या मुलाची न तपासता. याचे समर्थन कोणी कसे करणार?

सरकारला इतके बोलल्यावर आता आम्हा डॉक्टरांचेही बोलतो, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. लहान मुलाच्या साध्या सर्दी-खोकल्याला औषधाची बाटली बहुधा लागतच नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला ती देऊ नये आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावी असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. छिंदवाड्याच्या औषधातले मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसे लेबलावर छापावे, हा आदेश तर डिसेंबर २०२३ चा. तरी आम्ही लिहितो. कारण बाटली दिली नाही तर आईला वाटते डॉक्टरने काहीच केले नाही. आणि त्या दोन बिनलेबलाच्या बाटल्या? त्यातली एक माझ्याच दवाखान्यातली होती. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत आमचा कंपाउंडर पाच लिटरच्या कॅनमधून औषध ओतून देत असे आणि आम्ही पेशंटला "बाटली धुऊन आणा" म्हणून सांगत असू. त्या कॅनचा बॅच नंबर कोणाच्याही घरी गेला नाही. टेबलावर ती बाटली पाहिली तेव्हा मला ती ओळखू आली, आणि काही बोलता आले नाही.

कारण सगळी मेख त्या बॅच नंबरात आहे. संशयित औषधाचे नाव एक असते, पण विष असते ते ठरावीक बॅचमध्ये. केंद्रीय संघटना दर महिन्याला प्रमाण दर्जाची नसलेल्या औषधांची यादी बॅच नंबरसह जाहीर करते. छिंदवाड्याच्या वेळी महाराष्ट्राच्या प्रशासनानेही विशिष्ट बॅच सांगून सावध केले होते. पण आपण पट्टीतल्या चार गोळ्या कापून घेतो. नंबर आणि मुदत राहते दुकानात उरलेल्या तुकड्यावर. बिल मागितले तर दुकानदाराला राग येईल अशी भीड. काही जणांना वाटते बिल घेतले की वर टॅक्स पडेल. पडत नाही, छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध विकताना बिल देणे आणि त्यात कंपनी व बॅच नंबर लिहिणे हे दुकानदाराला बंधनकारकच आहे. त्यात भीड कसली?

क्रीमच्या बाबतीत तर याहून आनंद. लग्न ठरलेली एक मुलगी माझ्याकडे आली, गाल लालभडक, बारीक पुरळ, चेहऱ्यावर लव वाढलेली. सहा महिने 'गोरे होण्याचे' क्रीम लावत होती. त्यात स्टेरॉइड होते. अशी स्टेरॉइडची मलमे २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण मिळतात. तिचे क्रीम निदान छापील ट्यूबमधले होते, म्हणून आत काय ते वाचता तरी आले. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती : एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, पार्लरमधून घेतलेल्या क्रीममुळे मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. मुंबईच्या केईएममध्ये क्रीममधला पारा सापडला. नियमाने पारा मुद्दाम घालायला बंदीच आहे. चुकून आला तरी डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतरांत दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, तिला कोणता निरीक्षक कुठून शोधणार? चेहऱ्याला लावलेले मूत्रपिंडापर्यंत पोचते हे अजूनही पुष्कळांना खरे वाटत नाही.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली एक तरतूद सांगतो. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या २६ व्या कलमानुसार तुम्हीआम्ही, कोणीही, स्वतः विकत घेतलेले औषध किंवा प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याचा सही-शिक्क्याचा अहवाल मागू शकतो. ग्राहक संघटनेलाही हा अधिकार आहे. आपल्या गावात महिला मंडळे आहेत, तरुण मंडळे आहेत, गणपतीची वर्गणी दणक्यात जमते. वर्षातून दोन क्रीमच्या डब्या आणि दोन बाटल्या तपासायला पाठवणे त्यांना जड नाही. शिवाय शंका आली तर राज्याच्या प्रशासनाचा फुकट दूरध्वनी आहे, १८००२२२३६५. आणि औषध घेतल्यावर काही विपरीत घडले तर १८००१८०३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो, डॉक्टरच लागतो असे नाही. मुलाला पातळ औषध दिल्यावर उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले आणि लघवी कमी झाली, तर फोन नंतर, आधी मोठे रुग्णालय. जाताना बाटली बरोबर न्या.

त्या अकरा बाटल्यांचे काय झाले ते राहिलेच. अकरापैकी एकीचे बिल होते. निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी ते घडी घालून खोक्यातच ठेवले होते. मी त्यांच्यासमोर फोन लावला, कंपनीचे नाव आणि बॅच नंबर वाचून दाखवला. पलीकडच्या माणसाने थांबायला सांगितले, यादी पाहिली आणि हा नंबर संशयितांत नसल्याचे कळवले. फोनला चारेक मिनिटे लागली. गुरुजींनी बाटली पिशवीत टाकली, तरी नातवाला देणार नाही म्हणाले. ते एका परीने बरोबरच होते, मुलगा अडीच वर्षांचा. उरलेल्या दहा बाटल्यांबद्दल मला त्या संध्याकाळी कोणालाच काही सांगता आले नाही. घरी परत नेऊ नका एवढेच म्हणालो. त्या खोक्यात भरून बाजूला ठेवल्या आणि दवाखान्याचा इतर कचरा घेऊन जाणाऱ्या गाडीत चढवल्या. कॅनही त्याच गाडीत गेला.