चांदीवरचं इंद्रधनुष्य

घरातलं चांदीचं निरांजन काळं पडलं की आपण ते घासून लख्ख करतो. तिकडे अमेरिकेत नाणी जमवणारी मंडळी त्याच काळेपणाच्या आधीच्या पायरीला जादा पैसे मोजतात!

जुने मॉर्गन डॉलर (१८७८ ते १९०४ आणि १९२१, चांदी ९० टक्के) हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षं पडून होते. गंधकामुळे त्यांच्यावर सल्फाइडचा पातळ थर चढला आणि रंग उमटले. काहींवर तर कापडाची वीणही दिसते.

फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग, तोच हा थिन फिल्म इंटरफिअरन्स. थर वाढतो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात: आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा. पिवळ्याला खेटून थेट निळा दिसला, मधला किरमिजी गायब, की मला पहिला संशय येतो. भट्टीत भाजलेल्या किंवा रसायन फासलेल्या नाण्यावर रंग बऱ्याचदा चेहरा, अक्षरं काही न बघता सरसकट वाहत जातो.

पण खरं सांगू? सल्फाइड दोन्हीकडे तेच. फरक वेळेचा आणि हेतूचा, आणि हेतू भिंगातून दिसत नाही. पीसीजीएससारखी ग्रेडिंग कंपनीसुद्धा शेरा मारते तो 'शंकास्पद रंग' असा. गंधकवाल्या कागदात मुद्दाम वीस वर्षं ठेवलेलं नाणं मग कुठल्या खात्यात टाकायचं?

असो. रंग नसता तर किती दिले असते, ते मी आधी ठरवतो. त्याच्या दुप्पट मागितले की टॅब बंद.