मृगातील तारकांचे जन्मस्थान

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांत हिवाळ्याची संध्याकाळ दीर्घ आणि मोकळी असते. त्यातील एक तास गच्चीवर घालवावा, असे सुचवावेसे वाटते. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री साडेआठच्या सुमारास सांगली-साताऱ्याहून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून पाऊण उंचीवर मृग नक्षत्र दिसते. चार पायांचे चार तारे, मध्ये एका ओळीत तीन ताऱ्यांचा बाण आणि बाणाच्या खाली तीन मंद ठिपक्यांची लहान रांग. या रांगेतील मधला ठिपका साध्या डोळ्यांनाही किंचित धूसर भासतो. तोच मृगातील तेजोमेघ. शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने 1769 मध्ये त्याची नोंद केली. त्याच्या यादीत याचा क्रमांक 42 आहे.

हा मेघ वायू आणि धूळ यांचा असून सुमारे 24 प्रकाशवर्षे रुंद आहे. त्याच्या गर्भात आजही तारे जन्म घेत आहेत. आपल्या सूर्याचे वय सुमारे 460 कोटी वर्षे. येथील तारे जेमतेम दहा लाख वर्षांचे, म्हणजे तान्ही बाळेच. मेघाचे अंतर सुमारे 1,350 प्रकाशवर्षे. आज रात्री आपल्या डोळ्यांत उतरणारा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा कृष्णाकाठी बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

उपकरण घेताना मात्र खोक्यावरचा आकडा पाहून माल घेऊ नये. ‘पाचशे पट मोठे दिसेल’ असे छापलेल्या 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून 120 पटीच्या पुढे प्रतिमा केवळ पुसट होत जाते. महत्त्व भिंगाच्या वा आरशाच्या व्यासाला आहे, कारण तोच प्रकाश गोळा करतो. आरंभास 10×50 ची द्विनेत्री पुरते; कोपर भिंतीवर टेकवून धरल्यास मेघाचा धूसर पुंजका स्पष्ट होतो. सहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून पन्नासेक पटीत गाभ्यातील चार तारे वेगळे दिसतात. त्यांच्याच तेजाने हा मेघ उजळला आहे. खरेदीपूर्वी एखाद्या आकाशप्रेमी मंडळाच्या दुर्बिणीतून पाहून घ्यावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हे कार्य करीत आहे.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगावी. छायाचित्रांतील गुलाबी-तांबडा रंग डोळ्यांना दिसणार नाही. मंद प्रकाशात आपली दृष्टी रंग ओळखत नाही. दिसतो तो राखाडी, क्वचित हिरवट धुरकटपणा, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा. त्यासाठीही वीस-तीस मिनिटे अंधारात थांबावे, मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर मेघाच्या किंचित बाजूला रोखावी. आडनजरेस मंद वस्तू अधिक उमगतात.

आणि येथेच आपला, व्यापाऱ्यांचा, संबंध येतो. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या विरळ वस्तीच्या माळावर या पक्ष्याचे दोन्ही पंख दूरवर पसरलेले दिसतात. तीच दुर्बीण सांगलीच्या गणपती पेठेतील किंवा साताऱ्याच्या राजपथावरील गच्चीवर ठेवली, तर गाभा तेवढा उरतो. पंख उजेडात बुडून जातात. हा उजेड कोणा परक्याचा नाही. दुकाने बंद झाल्यावरही रात्रभर जळणाऱ्या पाट्यांचा, गोदामांवरील वर तोंड केलेल्या दिव्यांचा त्यात मोठा वाटा आहे. राखणीसाठी दिवा हवाच. पण त्याला झाकण घालून प्रकाश जमिनीकडे वळविला, तर कमी विजेत तेच काम होते. नावाची पाटी मात्र गिऱ्हाईक नसलेल्या रस्त्यास वाचून दाखविण्याचे प्रयोजन नाही.

दुर्बिणीस काही हजार रुपये लागतात. अंधारास काहीच लागत नाही, उलट वीजबिलात बचत होते. शटर ओढताना पाटीचे बटणही बंद करावे. पेठेतील दहा दुकानांनी एवढे केले, तरी त्या गल्लीतील मुलांना आपल्या गच्चीवरून तेजोमेघ अधिक चांगला दिसू लागेल.