न उतरलेला विमा

जमाखर्च आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. पण आजारपण कोणत्या वहीत मांडायचे? माझे वडील फौंड्रीत होते. दम्याने घरी बसले. तेव्हापासून किराणाच्या यादीआधी औषधांची यादी येते, आणि ती दर महिन्याला नव्याने येते. आई कानडीत हिशेब करते, मी मराठीत. शिल्लक दोन्ही भाषांत सारखीच!

म्हणून भोपाळचे आकडे मला टोचतात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. मिथिल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधी काही महिने बंदच होती. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. बहुतेक बाधितांच्या हाती, तेही दोन खेपांत, ५० हजार रुपये पडले. चाळीस वर्षांवर वाटून पाहा: महिना १०४ रुपये. एवढ्यात छातीच्या रोग्याचे कितीसे भागणार?

याहून मोठी गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाही. पुढेमागे ज्यांना आजार जडेल, अशा किमान एक लाख लोकांचा वैद्यकीय विमा उतरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले होते. त्यांत पुढे जन्मणारी मुलेही धरली होती. २०२३ साली वाढीव भरपाईची मागणी फेटाळताना न्यायालयानेच म्हटले, की केंद्र सरकारने तो विमा उतरलाच नाही.

हप्ता चुकला की पॉलिसी बुडते, हे आमच्या वर्गात कोणीही सांगेल. इथे पहिला हप्ताच भरला गेला नाही. तो कोणत्या खात्यात अडला, हे सरकारने सांगावे. आणि त्या मुलांचा विमा आता तरी उतरावा.