पाटी तीच, गल्ल्यावरचा माणूस नवा: छोटा ऑनलाइन धंदा विकताना नेमकं काय विकलं जातं?

सोलापूरच्या नवी पेठेत एखादं दुकान विकलं गेलं की आठवड्याभरात सगळ्या पेठेला कळतं. पाटी तीच राहिली तरी गल्ल्यावर नवा माणूस दिसतो. जुनं गिऱ्हाईक दोन दिवस बघतं, भाव विचारतं, पटलं तर थांबतं, नाहीतर शेजारच्या दुकानात जातं.

वेबसाइट किंवा ॲप विकलं जातं तेव्हा यातलं काहीच होत नाही. लोगो तोच, पासवर्ड तोच, महिन्याचे पैसेही तसेच कापले जातात. मालक बदललाय हे ग्राहकाला कळतच नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. चार वर्षांपूर्वी मी टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांसाठी एक छोटं वेब ॲप बनवलं. उधारी नोंदवायची, तारीख आली की गिऱ्हाइकाला मेसेज जाणार, एवढंच काम. पहिली वीस दुकानं माझ्या काकांनी मिळवून दिली. पुढे ती १४० झाली. यंदा मी नोकरी बदलली आणि नव्या करारात बाहेरचा धंदा चालणार नाही अशी अट आली. बंद करणं जिवावर आलं, म्हणून विकायचं ठरवलं.

हा बाजार चालतो कसा?

अशा छोट्या धंद्यांच्या खरेदी-विक्रीसाठी खास मार्केटप्लेस आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची फ्लिपा २००९ पासून आहे. मायक्रोॲक्वायर २०२० मध्ये आली आणि २०२२ मध्ये तिचं नाव ॲक्वायर डॉट कॉम झालं. पद्धत साधारण सारखीच. तुम्ही नाव उघड न करता जाहिरात टाकता: काय धंदा, किती उत्पन्न, किती खर्च. ज्याला रस आहे तो गोपनीयतेच्या करारावर सही करतो आणि मग आकडे बघतो. पटलं तर लेखी प्रस्ताव देतो. त्यानंतर ड्यू डिलिजन्स, म्हणजे बँक स्टेटमेंटपासून कोडपर्यंत सगळ्याची तपासणी. शेवटी एस्क्रो: पैसे तिसऱ्याकडे जमा होतात आणि डोमेन, कोड, खाती ताब्यात आली असं खरेदीदाराने सांगितल्यावर तुम्हाला मिळतात.

किंमत कशी ठरते? माझाच हिशोब बघा. १४० दुकानं गुणिले १९९ रुपये, म्हणजे महिन्याला २७,८६० रुपये. सर्व्हर, मेसेज, पेमेंट गेटवे वगैरे मिळून ९,८६० खर्च. उरले १८,०००, वर्षाला २ लाख १६ हजार. छोट्या धंद्याला वर्षाच्या नफ्याच्या साधारण दोन ते चार पट किंमत मिळते. मी तिप्पट धरली: ६ लाख ४८ हजार.

दोन प्रस्ताव

पहिला प्रस्ताव तीन दिवसांत आला: साडेसात लाख. मागितल्यापेक्षा लाखभर जास्त! मी खूश. पण या खरेदीदाराने कोडबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. खर्च, तक्रारी, सोडून गेलेले ग्राहक, काहीच नाही. त्याचा प्रश्न एकच होता: डेटाबेसमध्ये एकूण मोबाईल नंबर किती?

तेव्हा मी पहिल्यांदा मोजले. १४० दुकानांची गिऱ्हाइकं मिळून अकरा हजारांवर नंबर निघाले. प्रत्येक नंबरापुढे नाव आणि किती उधारी थकलीय त्याचा आकडा. कर्ज देणाऱ्या एखाद्या फसव्या ॲपवाल्याला यापेक्षा चांगली यादी कुठे मिळणार?

दुसरा प्रस्ताव पुण्यातल्या दोघांच्या छोट्या कंपनीचा: ५ लाख २० हजार. त्यातले एक लाख तीन महिन्यांनी, तोपर्यंत मी मदत करायची. त्यांनी मला दोन आठवडे प्रश्नांनी भंडावून सोडलं.

फरक २ लाख ३० हजारांचा. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही, त्यामुळे दोन रात्री झोप लागली नाही हे कबूल करतो.

यात घाबरण्यासारखं काय आहे?

दोन खरी उदाहरणं देतो.

'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोमचं एक्स्टेन्शन होतं. न वापरलेल्या टॅब झोपवून मेमरी वाचवायचं. सुमारे वीस लाख लोक वापरायचे. २०२० मध्ये ते मूळ मालकाने विकलं. नवा मालक कोण, हे वापरणाऱ्यांना कळलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात मालवेअर असल्याचं सांगून ते बंद केलं.

दुसरं पॉलिफिल डॉट आयओ. जुन्या ब्राउझरमध्ये नव्या वेबसाइट चालाव्यात म्हणून हजारो साइट्स इथून कोड घ्यायच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये फनल नावाच्या कंपनीने हे डोमेन विकत घेतलं. जूनमध्ये उघड झालं की त्याच कोडमधून मोबाईलवरच्या लोकांना भलत्याच साइट्सवर पाठवलं जातंय. एक लाखाहून जास्त वेबसाइट्सवर तो कोड होता.

दोन्ही ठिकाणी कुणी काही हॅक केलं नव्हतं. रीतसर खरेदी झाली होती. विकला गेला तो लोकांचा विश्वास, आणि तो विकला गेल्याचं लोकांनाच माहीत नव्हतं.

हे पुढे वाढेल असं मला वाटतं. एआयमुळे माझ्यासारखं ॲप आज कोणीही काही आठवड्यांत उभं करू शकतो. मग खरेदीदार पैसे कशाचे देणार? तयार ग्राहकांचे आणि त्यांच्या डेटाचे.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. या कायद्याच्या नजरेतून माझ्या ॲपकडे बघितलं आणि डोळे उघडले. गिऱ्हाइकाच्या माहितीला जबाबदार आहे दुकानदार. माझं ॲप फक्त त्याच्या वतीने ती सांभाळणारं. म्हणजे ते अकरा हजार नंबर माझे नव्हतेच, मग मी ते विकणार कसे?

कंपन्यांच्या विलीनीकरणासाठी या कायद्यात काही सवलत आहे, पण ती कोर्टाने किंवा तशा अधिकृत संस्थेने मंजूर केलेल्या व्यवहारांना. आपल्यासारख्यांची विक्री कोर्टात जातच नाही. त्यामुळे त्या सवलतीवर विसंबून राहू नका.

विकायचं असेल तर

- खरेदीदाराची तपासणी तुम्हीही करा. याआधी काय विकत घेतलं, ते आज कसं चालू आहे, हे बघा. फक्त यादीचा आकार विचारणारा दिसला की सावध व्हा.
- पैसे एस्क्रोमध्ये येण्याआधी डेटाबेसची प्रत देऊ नका. तपासणीसाठी नावं-नंबर झाकलेला नमुना पुरतो.
- डेटा दुसऱ्या कामाला वापरायचा नाही, ही अट करारात स्वच्छ लिहून घ्या.
- धंदा चालू स्थितीत पूर्ण विकणं आणि नुसतं डोमेन किंवा कोड विकणं, दोन्हींचा जीएसटी वेगळा. सही करण्याआधी सीएला विचारा.
- ग्राहकांना आधी सांगा. नको असेल त्याला माहिती पुसून घ्यायची संधी द्या.

शेवटचा मुद्दा माझा नाही, काकांचा. त्यांना दोन्ही प्रस्ताव सांगितले तर ते म्हणाले, "अरे, तू विकून मोकळा होशील. उद्या गिऱ्हाइकाला भलता मेसेज आला की पेठेतली माणसं मलाच विचारणार की."

मी दुसरा प्रस्ताव घेतला. १४० दुकानदारांना मराठीत मेसेज पाठवला: मालक बदलतोय, हे नवे लोक, हा त्यांचा नंबर, नको असेल तर कळवा. नऊ जणांनी माहिती पुसायला सांगितली. मी पुसली. ग्राहक कमी झाले म्हणून किंमत आणखी पन्नास हजारांनी उतरली.

बाकीचे १३१ जण थांबले. नवीन माणूस कोण आहे हे बघून थांबले, हे महत्त्वाचं. नवी पेठेत दुकान विकताना एवढं तर आपोआपच होतं. ऑनलाइन धंद्यात ते विकणाऱ्याने मुद्दाम करावं लागतं.